ज्ञानतंतु, विवेकबुद्धि व “रक्तांतला दोष”

(वाचनासाठीं: यहेज्केल, अध्याय १८, योहान ९:१-३, रोमकरांस पत्र ७:१४-२५)



गेल्या पावसाळ्यांत शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांस भेटी देत असतां आम्हांस दोन प्रश्न विचारण्यांत आले. विचारणारे निरनिराळ्या गांवचे, एकास दुसऱ्याची ओळखही नाहीं. तरी हे दोन्ही प्रश्न एकाच मुळावर फुटलेले आहेत असें आमच्या ध्यानांत आलें, म्हणून त्यांचा येथें एकत्र विचार करण्याचें योजिलें आहे.

पहिला प्रश्न घोडनदीकडील एका उपदेशकांचा. त्यांच्या मंडळींतील एका सभासदानें दारूच्या भरांत सख्ख्या भावाच्या डोक्यांत कुऱ्हाडीचा दांडा घातला. भाऊ वांचला. मंडळीचे पंच शिस्तीचा विचार करण्यास बसले, तेव्हां घरच्या वडील माणसांनीं असें सांगितलें कीं, हा लहानपणीं बैलगाडीवरून डोक्यावर पडला होता, तेव्हांपासून त्याच्या डोक्यांत बिघाड आहे, राग आला म्हणजे त्याच्या शिरा तापतात व मग त्याचा त्यालाच ताबा राहत नाहीं. तरी मंडळीनें त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेवूं नये. उपदेशक पुसतात, हें पाप समजावें कीं रोग?

दुसरा प्रश्न भीमेकांठचा, दौंडच्या बाजूच्या एका गांवचा. तेथें एक पारधी कुटुंब कांहीं महिने उपासनेस येत आहे. नवरा, बायको, म्हातारी आई व चार लेंकरें दाराजवळ बसतात, व आतां तीं बाप्तिस्मा मागत आहेत. मंडळींत कुजबूज सुरू झाली. चोरी यांच्या रक्तांतच असते, पाण्यानें रक्त बदलतें काय, असें एका वडील सभासदांनीं विचारलें. त्यावर शहरांत शिकलेल्या एका तरुणानें भर घातली कीं, आतां शास्त्रज्ञांनींही हें सिद्ध केलें आहे. गुन्हेगाराचा मेंदूच मुळीं निराळा असतो, असें त्यानें मोबाइलवर वाचलें आहे.

वाचकहो, या दोन ठिकाणच्या बोलण्यांत काय विलक्षण आहे तें पाहा. आपला माणूस चुकला तेव्हां आपण म्हणालों, दोष त्याच्या शरीराचा आहे, म्हणून तो निर्दोष. परका माणूस अजून कांहींच चुकलेला नाहीं, तरी आपण म्हणालों, दोष त्याच्या शरीराचा आहे, म्हणून तो जन्माचा दोषी. पुरावा एकच, निकाल मात्र दोन. शलमोनाच्या नीतिसूत्रांत (२०:१०) दोन वजनें व दोन मापें बाळगणाऱ्याचा परमेश्वरास वीट येतो असें सांगितलें आहे. बाजाराच्या दिवशीं असा वाणी सांपडला तर आपण त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाहीं. मंडळीच्या बैठकींत मात्र हीं दोन वजनें आपण बिनदिक्कत वापरतों.

आधीं शरीराविषयीं जें खरें आहे तें मान्य करूं. कांहीं धर्मशिक्षकांस भीति वाटते कीं, मेंदूचें नांव काढलें म्हणजे आत्म्याचें नांव पुसलें जाईल. आम्हांस ती भीति वाटत नाहीं. ज्यानें आत्मा फुंकला त्यानेंच मातीचा देह घडविला, व त्या देहाच्या रचनेविषयीं जें सत्य कळेल तें त्याच्याच हातचें आहे.

मनुष्याचा मेंदू सुमारें १,४०० ग्रॅम वजनाचा. त्यांत सुमारें ८,६०० कोटी ज्ञानपेशी आहेत, व मेंदूपासून आणि पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपासून निघालेले ज्ञानतंतु सर्व अंगभर पसरलेले आहेत. भय वाटलें म्हणजे छाती धडधडते, तोंडास कोरड पडते, तळहातांस घाम सुटतो, तें या तंतूंचेंच काम. आंत खोल, बदामाएवढा एक भाग संकटाची चाहूल घेतो. भय व संताप तेथें लवकर पेटतात. कपाळाच्या मागें असलेला पुढचा भाग आवर घालतो: हात उगारला गेला तरी थांब, शब्द ओठांवर आला तरी गीळ, असें सांगणारा तो. हा भाग पुरा पिकण्यास वयाचीं सुमारें पंचवीस वर्षें लागतात. तरुण मुलगा मोटारसायकल कशी हांकतो तें पुणें-नगर रस्त्यावर घटकाभर उभें राहून पाहिलें तर याविषयीं पुस्तक उघडण्याची गरज नाहीं.

दौंडच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं रेल्वेची नोकरी झालेली आहे. त्यांस पुढील हकीकत लवकर समजेल. १३ सप्टेंबर १८४८ रोजीं अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांत कॅव्हेंडिश गांवाजवळ लोहमार्गासाठीं खडक फोडण्याचें काम चालू होतें. फिनियस गेज नांवाचा २५ वर्षांचा मुकादम सुरुंगाच्या भोकांत दारू ठासत असतां ठिणगी पडली, आणि त्याच्या हातांतील पहार, साडेतीन फुटांहून लांब व सुमारें सहा किलो वजनाची, त्याच्या डाव्या गालांतून शिरून माथ्यांतून बाहेर पडली. गेज मेला नाहीं. कांहीं महिन्यांत तो हिंडूंफिरूं लागला. परंतु त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर हार्लो यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, पूर्वीचा समतोल व कामसू मुकादम आतां शिवराळ, हट्टी व धरसोड करणारा झाला. मित्रांस तो पूर्वीचा गेज वाटेना. मेंदूचा तोच पुढचा भाग दुखावला होता.

ही गोष्ट पुष्कळ ठिकाणीं सांगितली जाते, पण तिचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाहीं. गेज पुढें दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत गेला व तेथें कित्येक वर्षें लांब पल्ल्याची घोडागाडी हांकीत राहिला. घोडे संभाळणें, उतारूंशीं नीट बोलणें, वेळ पाळणें, हीं कामें अगदींच अनावर झालेल्या मनुष्याच्या हातून होत नाहींत. रोजचें ठरलेलें काम व भरंवसा टाकणारीं माणसें मिळाल्यावर तो बऱ्याच अंशीं सावरला असावा, असें आतांचे अभ्यासक म्हणतात. १८६० सालीं फेंफऱ्यानें त्याचा अंत झाला. (फेंफऱ्याचें नांव आलेंच आहे तर सांगून ठेवितों: तो मेंदूचा रोग आहे, औषधानें बहुतेकांचा आटोक्यांत येतो, व त्याचा गुन्हेगारीशीं किंवा भुताखेतांशीं संबंध जोडूं नये. कांदा व चप्पल हुंगविण्याची चालही आतां सोडावी.)

पवित्र शास्त्र या बाबतींत आपल्यापेक्षां फार समंजस आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायांत एलीया संदेष्टा जिवास कंटाळून रतामाच्या झुडुपाखालीं मरण मागत पडला. देवदूतानें त्यास तेथें उपदेश केला नाहीं, दोषही दिला नाहीं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचा कुजा उशाशीं ठेविला. त्यास झोंपूं दिलें, उठवून जेवूं घातलें, पुन्हा झोंपूं दिलें, पुन्हा जेवूं घातलें. होरेब डोंगरावरची मंद वाणी त्यानंतरची आहे. रांजणगांवच्या कारखान्यांत लागोपाठ रात्रपाळ्या करून आलेला सभासद घरांत तडतड करितो, तेव्हां उपदेशकानें प्रथम कोणती चौकशी करावी तें या अध्यायावरून ठरवावें.

उलट पक्षीं शौल राजा पाहा. त्याच्यावर उदासीनतेचे झटके येत, व दावीदाच्या वीणेनें त्यास थोडा आराम पडे. म्हणजे त्याची पीडा खरी होती. परंतु ज्या हातानें त्यानें भाला फेंकला तो हात शास्त्रानें पीडेच्या खात्यावर मांडलेला नाहीं. ज्या मत्सरास त्यानें दिवसेंदिवस थारा दिला त्याचा हिशेब त्याच्याकडूनच मागण्यांत आला.

आतां पहिल्या प्रश्नाकडे येऊं. सरकारी कायद्यानेंही हा विचार केलेला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचें ८४ वें कलम, जें १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत २२ वें झालें आहे, असें सांगतें कीं, ज्यास मनाच्या विकृतीमुळें आपण काय करीत आहों हें, किंवा तें वाईट अथवा बेकायदा आहे हें, त्या वेळीं कळण्याचीच शक्ति नव्हती, त्याचें कृत्य गुन्हा ठरत नाहीं. पण लगेच पुढचीं दोन कलमें नशेविषयीं आहेत. कोणी नकळत किंवा बळजबरीनें पाजली असेल तर गोष्ट निराळी. आपण होऊन प्यालेल्या मनुष्यास, शुद्धींत असतां जें कळलें असतें तें कळतच होतें असें धरून न्यायालय चालतें.

हा भेद आम्हांस योग्य वाटतो. दारू ज्या अनेक ठिकाणीं अंमल करिते त्यांत तो कपाळामागचा आवर घालणारा भाग अगदीं आरंभींचा आहे. तेव्हां लगाम सुटला म्हणून जो मनुष्य सबब सांगतो, त्यानें तो लगाम स्वतः पैसे मोजून सोडविलेला असतो. दांडा उचलला त्या क्षणीं त्याचा ताबा नसेल, हें आम्ही मानूं. परंतु तिन्हीसांजेस त्याचे पाय दुकानाच्या वाटेस लागले त्या क्षणीं त्याची विवेकबुद्धि जागी होती, व तिनें हांकही मारली असेल. पंचांनीं चौकशी करावी ती त्या तिन्हीसांजेची.

परंतु एवढेंच सांगून थांबलों तर उपदेशकांची फसगत होईल. वर्षानुवर्षें पिणाऱ्याचे ज्ञानतंतु दारूवरच चालण्यास शिकतात. असा मनुष्य एकाएकीं सोडूं गेला तर दोन-तीन दिवसांत हातपाय कांपतात, नसलेलीं माणसें दिसूं लागतात, झटके येतात, व क्वचित् प्राणही जातो. म्हणून त्यास प्रार्थनेनंतर शपथ घालून खोलींत कोंडून ठेवण्याची जी रीत कांहीं गांवीं आहे ती भक्तीची नव्हे, धोक्याची आहे. आधीं डॉक्टर, त्यांच्या देखरेखीखालीं दारू सोडविणें, व बरोबर मंडळीची प्रार्थना व सोबत. पुण्यांत डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. तेथील रीत हीच आहे कीं, व्यसन हा रोग समजून उपचार करावयाचे, पण रोग्यानें आपली जबाबदारी मात्र स्वतः उचलावयाची. प्रवासाची सोय नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करून मराठींत सल्ला मिळतो, त्यास पैसे पडत नाहींत.

बैलगाडीवरून पडल्याच्या गोष्टीविषयीं आमचें म्हणणें थोडकें आहे. ती खरी असेल तर गंभीर आहे. डोक्याच्या जुन्या मारानें स्वभाव पालटतो हें गेजच्या हकीकतीवरून दिसतेंच. पण जें कारण घरच्यांस पंचांपुढें सांगतांना इतकें महत्त्वाचें वाटलें, तें इतक्या वर्षांत एकदांही त्यांनीं डॉक्टरांपुढें सांगितलें नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. त्या सभासदास तपासून घ्यावें. आणि प्रभुभोजनाविषयीं: आपलें अर्पण वेदीपाशीं ठेवून आधीं भावाशीं समेट करण्यास जावें, अशी प्रभूची आज्ञा मत्तयाच्या ५ व्या अध्यायांत आहे, व येथें तर भाऊ शब्दशः भाऊच आहे. तोंवर त्यानें मेजापासून दूर राहावें. हें त्याच्या मेंदूशीं वैर नव्हे. नियमित काम, ठरलेली वेळ, पाठीशीं असलेलीं माणसें व चुकल्यास ठरलेला परिणाम, हें जखमी मेंदूसही हितकर असतें. शिस्त हें औषधच आहे, तें त्यास नाकारूं नये.

आतां दुसरा प्रश्न, ज्याविषयीं आम्हांस अधिक बोलावयाचें आहे. गुन्हेगाराचा मेंदू शास्त्रज्ञांनीं ओळखला, असें त्या तरुण मित्राचें म्हणणें. पुण्यांतीलच उदाहरण घेऊं. २००८ सालीं तेथील सत्र न्यायालयानें खुनाच्या एका खटल्यांत एका तरुण स्त्रीस व तिच्या पतीस जन्मठेपेची शिक्षा दिली. इतर पुराव्याबरोबर मेंदूच्या एका चाचणीचाही त्यांत आधार होता. त्या स्त्रीच्या डोक्यास तारा जोडून तिला गुन्ह्याचीं वाक्यें ऐकविण्यांत आलीं; ती तोंडानें एक शब्दही बोलली नाहीं; मेंदूंत उठलेल्या विजेच्या लहरींवरून, हा अनुभव तिच्या स्मरणांत आहे असें तज्ज्ञांनीं सांगितलें. परदेशच्या वर्तमानपत्रांतही हें प्रसिद्ध झालें, व अनेक शास्त्रज्ञांनीं या पद्धतीवर भरंवसा ठेवण्यास नकार दिला. पुढें ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणीं ठरविलें कीं, गुंगीचें औषध देऊन, अंगास यंत्र लावून किंवा मेंदूच्या लहरी टिपून केलेली अशी कोणतीही चाचणी मनुष्याच्या संमतीवांचून करतां येत नाहीं. कारण तिनें त्यास स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडल्यासारखें होतें.

या यंत्रांस आम्ही हंसत नाहीं. पण ज्ञानतंतु कांपले एवढें दिसलें, म्हणजे ते अपराधानें कांपले कीं भयानें, हें कांपण्यावरून ओळखतां येत नाहीं. आणि यंत्राशिवायही आपण हीच चूक रोज करितों. गांवांत कोंबडीं गेलीं, मोटारीची वायर गेली, कीं पाटलांच्या ओट्यावर पारध्यास उभें करितात. त्याचे पाय लटपटतात, जीभ अडखळते. पाहणारे म्हणतात, पाहा, चोराच्या मनांत चांदणें! त्याच्या आजाचेही पाय तेथेंच लटपटले होते, व कां तें आपण जाणून घेतलें पाहिजे.

१८७१ सालीं, ज्या सालीं येरवड्याचा तुरुंग बांधला गेला त्याच सालीं, इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागची समजूत थोडक्यांत अशी कीं, या देशांत सुताराचा मुलगा सुतार होतो व विणकराचा विणकर, त्याअर्थीं चोराचा मुलगा चोरच होणार. १९११ च्या कायद्यानें ती तरतूद सर्व हिंदुस्थानभर लागू झाली. आपल्या मुंबई इलाख्यांत फासेपारधी, कैकाडी, मांग-गारुडी, भामटे अशा जमातींवर तो चालला. नांवें नोंदवावयाचीं, बोटांचे ठसे द्यावयाचे, पोलिसांपुढें हजेरी लावावयाची, परवान्यावांचून गांव सोडावयाचा नाहीं, आणि गुन्हा? गुन्हा जन्माचा. पुष्कळांस तारेच्या कुंपणांतील वसाहतींत नेऊन ठेविलें. सोलापूरची सेटलमेंट आजही जुन्या माणसांच्या तोंडीं आहे. १८७६ सालीं इटलींतील लोंब्रोझो नांवाच्या डॉक्टरानें पुस्तक लिहून कवटीच्या व चेहऱ्याच्या घडणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखतां येतो असें प्रतिपादिलें, तेव्हां तर या समजुतीस शास्त्राचा अंगरखाही मिळाला. लोंब्रोझोचें तें मत पुढें मोजमापाच्या कसोटीस उतरलें नाहीं. परंतु कवटीच्या जागीं आतां मेंदूचें चित्र आलें व पाटलांच्या ओट्याच्या जागीं मोबाइल आला, एवढाच फरक आमच्या तरुण मित्राच्या बोलण्यांत आम्हांस दिसला.

आणि हेंही लपवून ठेवूं नये कीं, अशा कांहीं वसाहती ख्रिस्ती संस्थांच्या हातीं होत्या. मुक्तिफौजेनें १९०८ पासून उत्तर हिंदुस्थानांत त्या चालविल्या. तेथें शाळा होत्या, हातमाग होते, प्रार्थना होत्या, व चालविणाऱ्यांपैकीं पुष्कळांचा हेतु चांगला होता. पण कुंपणही होतें.

मुंबई प्रांतानें हा कायदा १९४९ सालीं, व सर्व देशानें ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द केला. म्हणून या जमातींस विमुक्त म्हणतात. लक्ष्मण गायकवाड यांच्या “उचल्या” या आत्मकथेस १९८८ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या घरांतील मूल चोर म्हणूनच जन्मतें असें जग धरून चालतें, त्या घरांत तें कसें वाढतें हें ज्यांस समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं तें पुस्तक वाचावें. आणि अगदीं अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं, तुरुंगांतील जातिभेदाविषयींच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयास पुन्हा सांगावें लागलें कीं, विमुक्त जमातींच्या लोकांस जन्मावरून सराईत गुन्हेगार समजूं नये. कायदा जाऊन बहात्तर वर्षें झालीं तरी हें सांगावें लागतें.

मग रक्तांत कांहींच नसतें काय? असतें. रागीटपणा, उतावळेपणा, भित्रेपणा यांचा कल आईबापांकडून थोडाबहुत येतो. तो ब्राह्मणाच्या घरीं येतो, मराठ्याच्या घरीं येतो, पाळकाच्या घरीं येतो. चोरीचा कोणताही तंतु मात्र आजवर कोणास सांपडलेला नाहीं. याच्या उलट, जें लेंकरूं भुकेलें निजतें, मध्यरात्रीं पालावर धाड आली म्हणून किंकाळ्यांनीं जागें होतें, बापास मारीत नेतांना पाहतें, त्याच्या वाढत्या मेंदूंत भयाची ती बदामाएवढी जागा सतत पेटलेली राहते, व आवर घालणाऱ्या भागास शांतपणें पिकण्यास सवड मिळत नाहीं. हें शास्त्र खरोखर सांगतें. मग त्या लेंकराच्या ज्ञानतंतूंत जो दोष दिसेल तो कोणाच्या हातचा? पारध्यांचें पोट शिकारीवर होतें. हरिण व तित्तिर यांस फासे लावून ते जगत. जंगलें बंद झालीं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकार बंद झाली, जमीन त्यांस कोणी दिली नाहीं, व गांवानें शीव ओलांडूं दिली नाहीं. रक्ताची तपासणी करावयाची तर आपल्या गांवाच्या हाताचीही करावी लागेल.

शिष्यांनीं जन्मांध मनुष्याकडे पाहून प्रभूस विचारलें होतें कीं, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही नाकारलें, व देवाचें कार्य त्याच्या ठायीं दिसावें म्हणून तो असा आहे, असें सांगितलें. लगेच चिखल करून कामास लागला. बापांनीं आंबट खाल्लें म्हणून मुलांचे दांत आंबतात, अशी म्हण इस्राएलांत होती. ती यापुढें तुमच्या तोंडीं नको, असें परमेश्वरानें यहेज्केलाच्या मुखें शपथेवर सांगितलें. आमच्या मंडळींतील बहुतेकांचे आजे-पणजे ज्या वस्त्यांतून आले, त्यांच्याविषयीं गांव काय म्हणत असे? यांच्या स्पर्शांतच दोष आहे, असेंच ना? तो विटाळ पाण्यानें गेला नाहीं, कारण तो मुळीं नव्हताच. मग पारध्याच्या रक्ताविषयीं तोच पाढा आपण कोणत्या तोंडानें म्हणावा?

मार्काच्या ५ व्या अध्यायांत थडग्यांमध्यें राहणारा, साखळ्या तोडणारा, स्वतःस धोंड्यांनीं ठेंचून घेणारा एक मनुष्य आहे. गांवानें त्यास बांधण्याचा उपाय पुष्कळदां केला होता. प्रभूनें त्यास बरें केल्यावर लोक पाहावयास आले, तों तो वस्त्र नेसून, शुद्धीवर येऊन शांत बसलेला. आणि तेव्हां त्यांस भय वाटलें! तो ओरडत होता तोंवर वाटलें त्याहून हें भय निराळें होतें, कारण त्यांनीं प्रभूसच आपल्या प्रांतांतून निघून जाण्याची विनंति केली. भीमेकांठच्या बंधूंनो, पारधी कुटुंब चोऱ्या करीत होतें असें तुम्हीं म्हटलें नाहीं. तें येऊन दाराजवळ शांत बसतें, म्हणून तुम्ही अस्वस्थ झालां. या ओव्या आपल्या घरीं पुन्हा वाचा.

प्रेषित पौल रोमकरांस लिहितांना स्वतःविषयीं कबूल करितो कीं, जें चांगलें इच्छितों तें हातून होत नाहीं, व अवयवांत एक दुसराच नियम मनाशीं झगडत आहे. ज्ञानतंतूंची विद्या त्यास ठाऊक नव्हती, पण हा झगडा ठाऊक होता. त्यानें अवयवांवर दोष ढकलून सुटका करून घेतली नाहीं. आणि अवयव असेच आहेत म्हणून आशाही सोडली नाहीं. कोण सोडवील, असें विचारून त्यानें ख्रिस्ताचें नांव घेतलें. घोडनदीकडच्या त्या सभासदास यांतील पहिली गोष्ट ऐकविली पाहिजे, व भीमेकांठच्या त्या वडील सभासदांस दुसरी.

मनुष्य पालटतो याचा दाखला आपल्याच मुलखांत आहे. औंध संस्थानांत, आटपाडीजवळ, १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर नांवाची वसाहत वसली. खुनासारख्या गुन्ह्यांबद्दल शिक्षा झालेल्या कैद्यांस तेथें भिंतीवांचून, शेती करीत, बायकामुलांसह राहूं दिलें. पोलंड देशांतून आलेले मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना, व औंधच्या राजेसाहेबांनीं ती मान्य केली. “दो आँखें बारह हाथ” हा १९५७ चा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. ज्यांच्या हातून खरोखर रक्त सांडलें होतें त्यांच्यावर एका हिंदु राजानें इतका भरंवसा टाकला. आम्ही ज्यांच्याविषयीं बोलत आहों त्यांच्यावर तर एकही फिर्याद नाहीं.

तरी उपदेशकांस आमचें सांगणें असें. त्या कुटुंबास बाप्तिस्म्यापूर्वींचें शिक्षण इतरांइतकेंच द्यावें, कमी नको व जास्तही नको. पश्चात्ताप, विश्वास व प्रभूचें अनुकरण यांविषयीं जे प्रश्न सर्वांस विचारतात तेच त्यांस विचारावे. चोरी सोडलीस काय, हा प्रश्न त्यांनाच वेगळा विचारूं नये. विचारावयाचाच असेल तर उसाच्या वजनांत, रेशनच्या धान्यांत व बांध कोरण्यांत जे गुंतलेले आहेत अशा जुन्या सभासदांसह सर्वांस एका रांगेंत विचारावा. मुलांची शाळा सुटूं नये म्हणून जातीचा दाखला व आधार यांच्या कागदांत मंडळीच्या शिक्षकांनीं मदत करावी; कागदांवांचून त्यांची वाट वारंवार अडते. गांवांत चोरी झाली व कोणी त्यांच्या पालाकडे बोट दाखविलें, तर पंचांपैकीं दोघांनीं त्यांच्याबरोबर पोलिस ठाण्यांत जाऊन बसावें. बोलण्याची गरज नाहीं, बसलें तरी पुरे; ज्याच्या शेजारीं कोणी बसलेलें असतें त्याचे पाय कमी लटपटतात.

एका भगिनींनीं आम्हांस हळूच विचारलें होतें कीं, मग दानपेटीचें काय करावें. भगिनीबाई, त्या पेटीस पितळी कुलूप आहे, व त्याच्या दोन किल्ल्या दोन पंचांकडे निरनिराळ्या ठेवण्याची पद्धत आहे. ही पद्धत तुमच्या मंडळींत पारधी येण्याच्या कितीतरी आधीं, तुमच्याच वडिलांच्या सभेंत ठरली होती. ती तशीच चालूं द्यावी.